मुनाफच्या घरची मच्छी

अबे, जरा सरकून बसा, आन ते मोबाईल ठेवा खिशात. किन्हीराजाचा मुनाफ टेलर मालूम हाये ना? हा माह्या अंगातला सदरा त्याच्याच हातचा. त्यानं सोता सांगतलं तेच सांगतो, पदरचं काही नाही.

गेल्या साली, डिसेंबरची सतरा तारीख, बुधवार. मुनाफची पोरगी दुआ, पाच वर्साची, टायफाईडमधून उठली होती. ताप गेला, पन जेवनाचं नाव नाही. वरन-भात तोंडात घातला का थुंकून दे. डाक्टर म्हने, पोटात अन्न गेलं नाही तर पुन्हा भरती करा लागन. पोरीची हाडं मोजून घ्या. त्या रोजी सांजच्याले दुआ आपल्या मनानं बोलली, "अब्बू, मले मच्छी पाह्यजे." बस! मुनाफनं शिलाई तशीच टाकली आन फटफटी काढली.

तलावावरच्या भोयाजवळून किलोभर रोहू घेतला, तुकडे करून थैलीत भरला. निघाला तं अंधार पडला होता. नाल्याच्या पुलावर एक म्हातारी बसली होती. गाडी हळू झाली तसा तिनं हात पुढं केला. "मच्छी होय का रे? दे ना एक तुकडा."

आता आपल्या लोकायची खोड पाहा. जेवाले बसलो आन दारावरून दुश्मन गेला, तरी आपन म्हनतो, "या जेवाले." मनात असो का नसो. मुनाफही बोलून गेला, "कच्ची कायले खातं मावशी? घरी ये, जेऊन जाय." आन गाडी मारली. अरे भल्या मानसा, अंधारात मच्छी घेऊन चालला तू, असं कोनालेही बोलावतेत काय!

घरी त्याच्या बायकोनं, सबिहानं, तुकडे खळखळून धुतले. हळद, मीठ, लिंबू, आलं-लसून, तिखट चोळून जर्मनच्या गंजात मुरत ठेवले. वर झाकन, आन मांजरीच्या भेवानं झाकनावर वरवंटा. मंग दोघंही गॅसपाशी. तिनं भाकरी थापल्या, त्यानं शेकल्या. तेल तापलं. मुनाफ गंजाकडं वळला.

वरवंटा जागच्या जागी होता. त्यानं झाकन उचललं...

वरचे तुकडे पांढरेफटक. मसाला चाटून साफ केलेला. त्याच्यावर थुंकीची तार. जाड, पिवळी. आन वास... छ्या! मच्छीचा नाही. सडल्या जखमेची पट्टी सोडल्यावर येते, तो.

"मांजर असन," मुनाफ म्हने.

सबिहानं ओढनी नाकाले लावली. "मांजरीनं वरवंटा वापस ठेवला काय?"



तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. पच... पच... बिनदाताचं मानूस चावते तसा.

दुआ आत एकटी होती.

मुनाफ धावला. लाईट चालूच होता. दुआ खाटीवर उठून बसली होती. गाल फुगलेला. ओठाले हळद. हनवटीवरून ओघळ.

"थुक, बेटा."

तिनं मान हालवली. नाही.

त्यानं तोंडात बोट घातलं. लगदा निघाला. कच्च्या मच्छीचा. चावून चावून पीठ केलेला... गरम. त्यात एक पांढरा केस. ओढला. येतच गेला... येतच गेला... पोरीच्या गळ्यातून.

मुनाफनं तो केस भुईवर झटकला.

"कोनं देलं तुले हे?"

"बुढ्या नानीनं. म्हने, तुले ताकद नाही, मी चावून देतो."

"कुठं हाये ते बुढी?"

दुआ मुनाफच्या मांगं पाहत राह्यली...

तो फिरला. कोनीच नाही.

"अब्बू, अजून पाह्यजे." आन पोरगी हासली. महिन्यात पहिल्यांदा.

मच्छी, गंज, झाकन, सारं उकिरड्यावर गेलं. रातभर दोघं पोरीले मधात घेऊन बसले. सबिहाचं कलमा पढनं चालू होतं.

सकाळी पोरगी पेजीले तोंड लावे ना. दवाखाना डोळ्यासमोर. मुनाफनं दुकानातून बिस्किटाचा पुडा आनला. सीलबंद. सबिहानं त्याच्यासमोरच फोडला.

पहिलं बिस्कीट कोरडं. दुसरं कोरडं. तिसरं...

ओलं. चावलेलं. अजून गरम.

दुआनं कोरडी दोन्ही बाजूले सारली, आन त्या ओल्याकडं हात केला.