झाकणावरचा सत्कार

"मांजर तेच आहे," प्राजक्ता बुद्धरत्नला म्हणाली. "मी काढलेल्या फोटोतलं."

थेरगावच्या त्यांच्या सोसायटीत मागच्या बाजूच्या ड्रेनेज चेंबरचं झाकण कधीचं गायब होतं. सुट्टी लागली त्याच दिवशी बुद्धरत्नच्या धाकट्या बहिणीचा, करिष्माचा, पाय त्यात गेला. थोडक्यात निभावलं, पण आईने तिचं खाली खेळणंच बंद केलं. प्राजक्ताने चेंबरचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली. भिंतीवरून उडी मारणारं एक मांजरही त्या फोटोत आलं होतं.

आज मॅनेजरकाकांनी 'काम पूर्ण' लिहून नव्या झाकणाचा फोटो टाकला. मोठी माणसं अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळी झाली. मांजर मात्र इतक्या दिवसांनीही हवेतच होतं.

दोघं धावत मागे गेले. चेंबर उघडंच होतं.

बुद्धरत्नला हा प्रकार ठाऊक होता. एआयच्या ॲपमध्ये फोटोतली हवी तेवढी जागा बोटाने घेरायची आणि 'इथे लोखंडी झाकण दाखव' असं लिहायचं. तेवढंच बदलतं, बाकी फोटो तसाच राहतो. काकांनी तिच्याच फोटोत झाकण घातलं होतं, नवा फोटो काढायचेही कष्ट घेतले नव्हते, याचा प्राजक्ताला जास्त राग आला.

तिने उघड्या चेंबरचा ताजा फोटो टाकला. हा जुनाच आहे, मुलांनी अफवा पसरवू नयेत, असं काकांनी ठणकावलं. वर घरी तिलाच बोलणी बसली.

"आता फोटोने भागणार नाही," बुद्धरत्न म्हणाला. "काकांनाच तिथे उभं करू."

मग दोघं सोसायटीचे अध्यक्ष आबाजी यांच्याकडे गेले. एवढं तत्पर काम करणाऱ्या माणसाचा सत्कार व्हायला हवा, तोही कामाच्या जागीच, असं त्यांनी सुचवलं. आबाजींना सत्कार म्हणजे जीव की प्राण. त्यांनी लगेच ग्रुपवर सगळ्यांना बोलावलं. सत्कार ऑफिसातच उरकावा म्हणून काकांनी बरीच खटपट केली, पण आबाजी शाल-नारळ घेऊन केव्हाच निघाले होते.

चेंबरपाशी गर्दी थबकली. आबाजींनी खड्ड्यात पाहिलं, मग काकांकडे.

"मॅनेजर, झाकनावर उभं ऱ्हावा. शाल घालायची हाय."

काका चपलांकडे बघत राहिले. उद्या नक्की बसवतो, असं पुटपुटले.

"उद्या न्हाई. झाकन येईस्तवर तुमी हितंच बसायचं. पोरगं पडाया नको."

खुर्ची आली. काका बसले आणि फोन लावू लागले. अंधार पडायच्या आत टेम्पोतून झाकण आलं.

आबाजींनी मुलांना जवळ घेतलं. "तुमी जाऊन बघितलं. आमी नुस्तं अंगठं टाकलं."

करिष्माची आई तिला घेऊन खाली आली. तिने आधी स्वतः झाकणावर पाय आपटून पाहिला आणि मग लेकीचा हात सोडला.