शेपूट फुटलेले तारे

खरं बोलली असती तर तिच्या वाट्याला एकच संध्याकाळ येत होती. गप्प बसली, तर धूमकेतू क्षितिजाखाली बुडेपर्यंतच्या सगळ्या. असा सौदा समोर आल्यावर भली भली माणसं डळमळतात. नंबरवाली तर डळमळलीही नाही. सरळ गप्प बसली.

नंबरवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून नंबर काढणारी. दुकान भावाचं, गल्ला वहिनीचा, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीतली उंच खुर्ची तेवढी हिच्या ताब्यात. दिवसभर लोकांना विचारायचं, "ही काच बरी की ती?" आपल्याला मात्र कुणी काही विचारत नाही, अशी तिची बारीकशी तक्रार होती.

एका दुपारी त्या खुर्चीवर बेकरीवाला येऊन बसला. भुवईला पीठ, हातात मोबाईल.

"डॉक्टर, मला तारे लांबट दिसतात."

"मी डॉक्टर नाही. आणि दिवसाढवळ्या तारे दिसत असतील तर तुम्ही चुकीच्या दुकानात आलात."

"फोटोतले हो!" त्याने मोबाईल पुढे केला. "दुर्बिणीला कॅमेरा लावून काढलेत. ठिपके यायला हवेत... हे बघा, जिऱ्यासारखे आलेत. मला वाटलं, आपले डोळेच वाकडे."

तिने तपासलं. तपासणीला लागतो त्याहून थोडा जास्तच वेळ ती त्या डोळ्यांत बघत राहिली.

"चांगले आहेत डोळे," ती म्हणाली, आणि वाक्य भलतंच ऐकू आलं म्हणून घाईने पुढे जोडलं, "म्हणजे—नंबर नाही. दोष तुमच्या माउंटात असणार, दुर्बीण बसवता त्या फिरत्या स्टँडात."

"तुम्हाला माउंट कळतं?"

"कॉलेजात आमचं आकाशमंडळ होतं. पोरं फोटो काढायची, मी त्यांची माउंटं सरळ करायचे."

"मग आमचं करा ना!" तो असा हसला की भुवईवरचं पीठ गालावर सांडलं. "धूमकेतू आलाय. संध्याकाळी थोडाच वेळ दिसतो, आणि रोज खाली खाली चाललाय."

बेकरीच्या गच्चीवर भट्टीची ऊब आणि ताज्या पावाचा वास येत होता. भट्टीचं धुराडं दुसऱ्या टोकाला होतं, ते बरं. दिवस मावळला आणि पश्चिमेला, पाण्याच्या टाकीच्या बराच वर, फिकट पुसल्यासारखा धूमकेतू दिसू लागला.

"पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात," ती वाकून एकेक भाग चाचपत म्हणाली. "माउंटाने दुर्बिणीला घेऊन तितक्याच चालीने त्यांच्यामागे जायचं. चाल चुकतेच. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर ही छोटी बसवायची. ती एकाच ताऱ्यावर डोळा ठेवते, आणि तारा जरा हलला की माउंटाला टोकते."

"म्हणजे सासू."

"अगदी सासू!" तिला हसू आवरेना.

"पण आमच्या सासूबाईंची तक्रारच नाही. बघा." लॅपटॉपवर त्या छोट्या दुर्बिणीचा आलेख चालू होता. रेघ सरळ, शांत. "सासू खूश, आणि फोटोत मात्र जिरं. असं कसं?"

असं कसं, ते तिच्या बोटांना त्याच क्षणी कळलं. छोटी दुर्बीण ज्या कड्यात बसली होती, त्याचा एक स्क्रू ढिला होता. मोठी दुर्बीण कलली की छोटी आपल्या जागी किंचित डुलायची. तिला वाटायचं ताराच हलला, आणि ती चांगल्या चालत्या माउंटाला भलतीकडे ढकलायची. तिच्यापुरता तारा जागेवर, मोठ्या दुर्बिणीतला मात्र ओढला जायचा. स्क्रूला दोन पीळ दिले की काम फत्ते.

तिने मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता... आलेखाकडे नव्हे.

"गुंतागुंतीचं दिसतंय," ती म्हणाली. "उद्या बघू."

मग उद्यामागून उद्या आले. कधी तिने वजनांचा तोल पुन्हा साधला, कधी माउंटाचा आस ध्रुवताऱ्याशी नव्याने जुळवला, कधी लोंबणारी केबलच नीट बांधली. सगळी कामं खरी होती, चोख होती, आणि एकाचाही उपयोग नव्हता. तो कागदात गुंडाळलेली गरम बिस्किटं आणायचा. पहाटे भट्टी पेटवायची म्हणून जांभया द्यायचा, तरी खाली जायचा नाही. 'अहो' केव्हा गेलं, दोघांनाही कळलं नाही.

"तुझा हात किती हलका आहे गं. स्क्रूला कळतही नसेल हात लावला ते."

"कळतं त्याला," ती पुटपुटायची, आणि तिचे कान तापायचे.

घरी वहिनी तिला सोडत नव्हती. "कसली दुरुस्ती गं ही? लग्नाच्या बैठकासुद्धा इतक्या होत नाहीत."

"नाजूक काम असतं वहिनी."

"ते दिसतंय. केसांना पीठ लागलंय."

धूमकेतू आता टाकीच्या जवळ आला होता, पहिल्याहून फिका. लाज तिला येत होती, पण परवडण्याइतकीच.

मग एके दिवशी दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना खुर्चीत बसवून तिने समोर पाटीएवढ्या अक्षरांचा तक्ता लावला. ते सरळ बघेनात, मान तिरपी करून कडेने बघायला लागले.

"समोर बघा ना, अण्णा."

"समोरचं गेलं, पोरी. मधोमध डाग आहे. कडेचं तेवढं उरलंय." डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून झालं होतं, डाग वाढतच जाणार होता. "तू फक्त जाड भिंगाचा चष्मा बनवून दे. पोरगा धूमकेतूचा फोटो काढतोय. भिंतीएवढा करून देतो म्हणाला. आकाशातला काही आता मला दिसत नाही, भिंतीवरचा तरी बघेन."

तिच्या हातातली काच तशीच राहिली. अण्णांच्या सदऱ्याला ताज्या पावाचा वास होता. तिला तो आत्ता आला.

"जमेना झालंय पण त्याला," अण्णा सांगत होते. "कुणी हुशार मुलगी रोज येऊन मदत करते म्हणे. तीही बिचारी थकली. अवघडच असणार ते काम."

त्या अंधाऱ्या खोलीत कुणाला कुणाचा चेहरा दिसत नव्हता, हे तिचं नशीब. तिने नंबर काढला, चुकला, पुन्हा काढला. अण्णा म्हणाले, "सावकाश गं. घाई नाही." तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

त्या संध्याकाळी ती धापा टाकत गच्चीवर गेली.

"आज केबल की तोल?" त्याने हसून विचारलं.

"स्क्रू." तिने बोट ठेवलं. "हा ढिला आहे. मला... पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

तो हसता हसता थांबला. स्क्रूला हात लावून पाहिला. छोटी दुर्बीण कड्यात हलली.

"मला अण्णांचं माहीत नव्हतं," ती म्हणाली. "पण ते काही कारण नाही. माहीत नव्हतं म्हणून चालतं, असं थोडंच आहे... मला फक्त रोज यायचं होतं."

"म्हणजे तू मला रोज विचारत राहिलीस," तो हळू आवाजात म्हणाला, "ही काच बरी की ती—आणि खरी काच तुझ्या खिशात?"

तिने मान खाली घातली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याने स्वतःच स्क्रू आवळला. तिने बॅटरीचा उजेड धरला. धूमकेतू टाकीच्या कडेला टेकलेला, धुरकट. मिळाले तेवढे फोटो काढले. पडद्यावर तारे आले—गोल, टाचणीच्या टोकासारखे. ज्यांच्यासाठी एरवी दोघांनी टाळ्या पिटल्या असत्या. जिना उतरताना तो एकच वाक्य बोलला.

"विचारलं असतंस तर कारण लागलंच नसतं. मी काय आलेख बघायला जागत होतो?"

जे तिला मिळणारच होतं, ते तिने चोरलं होतं. यासारखी लाज नाही.

नंतर ती बेकरीवरून जाईनाशी झाली. वहिनीने पाव दुसरीकडून आणून पाहिला आणि जाहीर केलं, "हा खाववत नाही. तुमचं काय असेल ते मिटवा." शेवटी अण्णांचा चष्मा तयार झाला, तेव्हा वहिनीने तो तिच्याच हातात कोंबला.

बेकरीत फोटो छापून आले होते. शेवटच्या संध्याकाळचा मोठा केलेला फोटो अण्णांनी नव्या चष्म्याने नाकाजवळ धरला, तिरपा केला, फिरवला.

"कुठंय रे?"

"हा काय, इथे." बेकरीवाल्याने बोट ठेवलं. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

"ठिपके दिसतात का बघतो... नाही रे." अण्णांचा हात टेबलावरच्या दुसऱ्या छापाकडे गेला. तो पहिल्या संध्याकाळचा, वाया गेलेला. त्यांनी तो कडेने पाहिला आणि खुर्चीत ताठ बसले. "अरे! हा बघ की! केवढी शेपूट! आणि ही दुसरी... ही तिसरी... सगळ्यांनाच शेपट्या!"

बेकरीवाल्याने आता तिच्याकडे पाहिलं. गप्प बसली असती तर म्हातारा खूश होता, आणि ती सुटली असती. पुन्हा तोच सौदा.

"अण्णा," ती म्हणाली, "एवढी एक धूमकेतूची. बाकीच्या शेपट्या नाहीत. तो माझा स्क्रू आहे." आणि तिने सगळं सांगितलं.

अण्णा बराच वेळ फोटोवरून बोट फिरवत राहिले. मग खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"मला दिसतो तो हाच. मग स्क्रूच लावू भिंतीवर. आणि विचारेल त्याला सांगेन—आमच्या होणाऱ्या सुनेची करामत."

"अण्णा! मी अजून विचारलंसुद्धा नाही तिला."

"मग विचार की. भट्टी विझल्यावर विचारणार?"

तो तिच्याकडे वळला. भुवईला पीठ होतं. "येशील रोज? कारण नसताना?"

तिला मान वर करवेना, पण ती हलली—होकारार्थी.

फोटो गल्ल्याच्या मागे लागला, भिंतीभर. आता हिशेब असा: धूमकेतू गेला अण्णांचा, तो परत यायचा नाही. झोप गेली बेकरीवाल्याची. नंबरवालीला मात्र जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि वर पाव गरम. पण पाव घ्यायला येणारा प्रत्येक जण भिंतीकडे बघून विचारतो, "हे तारे असे ओढल्यासारखे का हो?" अण्णा खुर्ची पुढे ओढून पहिल्यापासून सांगायला लागतात, आणि काउंटरमागे उभ्या सूनबाईंचे कान तापतात. तिचं देणं रोज थोडं थोडं फिटतं. गिऱ्हाईक काही संपत नाही.