दोघींचा एकच कॉम्प्युटर

दार ढकलून तो आत आला, तेव्हा तिनं मान वर न करताच त्याला झापलं. "हॉटेलचे टॉवेल परवा मिळतील! रोज चकरा मारल्या म्हणून मशीन काही लवकर भरत नाही."

"मी... टॉवेलवाला नाही," तो म्हणाला. "कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून काकूंनी फोन केला होता."

तिनं वर पाहिलं. खांद्याला बॅग, नाकावर घसरलेला चष्मा, आणि ओठांत कसंबसं दाबून धरलेलं हसू. तिचं तोंड एवढंसं झालं.

दुकान मायलेकींचं, भरतकामाचं. आई ज्या प्रोग्रॅमवर नक्ष्या काढायची तो जुना. लेक ज्यावर ऑर्डरी घ्यायची तो नवाकोरा. दोन्ही 'जावा' नावाच्या एका सॉफ्टवेअरच्या जिवावर चालणारे, पण आईच्याला जावाचं जुनं व्हर्जन लागे आणि लेकीच्याला नवं. एक लावलं की दुसरा प्रोग्रॅम रुसून बसायचा.

"दोन जावा एका घरात नांदत नाहीत, डॉक्टर," आई म्हणाली. "अनुभवाचे बोल आहेत." बॅग घेऊन येणारा आणि आल्याआल्या 'काय होतंय?' विचारणारा माणूस आईच्या लेखी डॉक्टरच होता.

डॉक्टरनं अख्ख्या कॉम्प्युटरला जुनं व्हर्जन लावून दिलं. आई खूश. दुसऱ्या दिवशी लेकीनं फोन केला, तो आला, नवं लावलं. मग आईचा फोन. असा मायलेकींचा खेळ सुरू झाला आणि डॉक्टरच्या येरझाऱ्या.

"आज कुठलं?" तो विचारायचा.

"नवं. आणि आईला सांगू नका."

"काकूंनी काल हेच सांगितलं. फक्त 'लेकीला सांगू नका' म्हणाल्या."

"मग तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"जिचा चहा आधी येईल... तिच्या."

ती ताडकन उठली आणि चहात दोनदा साखर घालून आली. त्यानं तो मुकाट्यानं संपवला. जाताना त्याच्या बाहीला निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटला होता. तिनं तो अलगद काढला... आणि मग दिवसभर तिला चुकीच्याच रंगाची रिळं हाताला येत राहिली.

पण हॉटेलचे टॉवेल पुन्हा रखडले, तेव्हा तिचं डोकं फिरलं. दुपारभर बसून तिनं वाच वाच वाचलं आणि तिला कळलं, की अख्ख्या कॉम्प्युटरला एकच व्हर्जन लावायची गरजच नाही. कुठल्या प्रोग्रॅमनं कुठलं जावा घ्यायचं, हे त्या त्या प्रोग्रॅमला वेगळं सांगून ठेवता येतं. तिनं तसं सांगून ठेवलं. दोन्ही प्रोग्रॅम शेजारीशेजारी गुण्यागोविंदानं चालायला लागले. टॉवेल वेळेवर गेले. आईनं लेकीची दृष्ट काढायचीच बाकी ठेवली.

आणि डॉक्टर येईनासा झाला.

येईल कशाला? तिनं आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. दार वाजलं की ती वर बघायची, दारात टॉवेलवाला. तिला रडूच यायचं. तो माणूस तिला आवडला होता, चांगलाच आवडला होता, आणि त्याला बोलवायला आता एक साधा बिघाडसुद्धा शिल्लक नव्हता.

शेवटी तिनं फोन केलाच. "कॉम्प्युटर... बिघडलाय."

"कोणाचा प्रोग्रॅम?"

"दोन्ही!"

तो धापा टाकतच आला. आईचा प्रोग्रॅम उघडून पाहिला, उघडला. लेकीचा पाहिला, तोही उघडला. मग त्यानं आतलं सगळं तपासलं आणि सावकाश खुर्ची वळवली.

"हे कोणी केलं?"

"मी."

"किती दिवस झाले?"

"बरेच."

"मग मला... कशाला बोलावलंत?"

आतल्या खोलीत आईचं मशीन खडखडत होतं. तिनं मनाचा हिय्या केला. "करमत नव्हतं म्हणून. तुम्ही आला नाहीत की मला करमत नाही. झालं समाधान?"

तो कानापर्यंत लाल झाला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मलाही एक सांगायचंय... हे मला पहिल्या दिवशीच करता आलं असतं."

"काय?"

"पाच मिनिटांचं काम. पण केलं असतं, तर तुम्ही पुन्हा बोलावलं असतं का?"

"अरे चोरा!" ती उसळली. 'तुम्ही' कुठल्या कुठे उडून गेलं होतं. "तुझ्यापायी मी टॉवेलवाल्याच्या किती शिव्या खाल्ल्या, माहितीय? यापुढे या कॉम्प्युटरला बोट लावलंस तर याद राख!"

"मग... यायचं नाही मी?"

तिनं पुढे होऊन कीबोर्डवरचा त्याचा हात उचलला आणि आपल्या हातात घट्ट धरून ठेवला.

आतलं मशीन थांबलं. "डॉक्टर," आईनं हाक मारली, "झालं का काम? की पुन्हा यावं लागेल?"

"यावं लागेल!" दोघं एकदमच ओरडली.