लाल म्हणजे थांब

"ओ, ओ! कुठं घुसताय? गणपती ओले हायत!"

मैनाने ओरडायला आणि त्याने उंबऱ्याला अडखळायला एकच गाठ पडली. बाहेर श्रावणाची सर कोसळत होती, आणि आत, पेणच्या कासार आळीतल्या त्या कारखान्यात, पाय ठेवायला जागा नव्हती. फळ्यांवर गणपती, पाटांवर गणपती, माळ्याच्या जिन्यावर पायरीपायरीला गणपती. त्यात हा उंच, किडकिडीत, नखशिखान्त भिजलेला मुलगा... आणि शर्टाच्या आत पोटाशी काहीतरी घट्ट धरलेलं.

"काय लपवलंय?" मैनाने विचारलं.

"विमान."

मैना बघतच राहिली. त्याने खरोखरच शर्टातून हातभर लांबीचं, बांबूच्या काड्यांचं आणि कागदाचं विमान बाहेर काढलं, फुंकर मारून पंख कोरडे केले आणि मगच स्वतःच्या तोंडावरचं पाणी पुसलं.

"रोह्याची एसटी चुकली. दोन महिने खपतोय याच्यावर, भिजलं असतं तर रडलो असतो मी," तो म्हणाला. "थोडा रंग मिळंल का? डाव्या पंखाच्या टोकाला लाल लागतो, उजव्याला हिरवा. खऱ्या विमानाला तसे दिवे असतात."

तिने दोन वाट्या पुढे सरकवल्या, एक कुंचला दिला आणि आपल्या कामाला लागली. मग, उगाच, मान वळवून पाहिलं. डाव्या टोकाला हिरवा, उजव्याला लाल.

"उलटं झालं की ओ, वैमानिक!"

तो दचकला. एकदा पंखाकडे, एकदा वाट्यांकडे पाहिलं, आणि मग हळूच हसला. "तुमच्याकडं बघत होतो ना... म्हणून."

आणि मैना, भल्याभल्या थापाड्या कारागिरांना उडवून लावणारी मैना, या थापेला भुलली. कान लाल झाले तिचे. तिने मान खाली घातली ती पाऊस थांबेपर्यंत वर केली नाही.

त्याचं नाव दिनानाथ. रोह्याचा, भातशेतीवाल्या घरातला. खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्तमानपत्राचं एक कात्रण. आदल्या वर्षी, ऑक्टोबरात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. टाटा एवढंसं विमान घेऊन कराचीहून मुंबईला एकटेच आले होते. पन्नास वर्षांपूर्वी टपाल घेऊन आले होते ना, त्याची आठवण म्हणून!

"आमचा आजा त्या वयात अंगणात जायला काठी शोधतो," दिनानाथ म्हणाला, "आणि हा माणूस समुद्रावरून एकटा येतो. ते वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाय."

"मग इथं काय करताय? जा की उडत."

"पंख सुकूदेत," तो म्हणाला. पण तो विमानाकडे बघत नव्हता.

गणेशचतुर्थी महिन्यावर आली होती. मैनाचे बाबा, पुंडलिकअण्णा, दिसेल त्याला कामाला धरत होते. त्यांनी त्या पोराचे सरळ, लांब हात पाहिले आणि विचारलं, "हंगामापुरता येशील काय रे?" दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने स्वारी हजर!

मैनाचं काम आखणीचं. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. अण्णांचा हात दोन वर्षांपासून कापायला लागला होता, तेव्हापासून कारखान्यातली प्रत्येक मूर्ती बघायला लागायची ती मैनाच्या हाताने. बारीक कुंचला, रोखलेला श्वास, एक रेघ. रेघ चुकली तर मूर्ती बाद. त्यामुळे ती आखणीला बसली की कुणी शिंकायचंसुद्धा नाही असा कारखान्याचा रिवाज. दिनानाथ मात्र हातातलं काम टाकून समोर येऊन बसायचा, अगदी गप्प. डोळा पुरा झाला, तिने श्वास सोडला, की हाही "हुश्श" करायचा.

"तू कशाला श्वास धरतोस रे?" एव्हाना अहो-जाहो संपलं होतं.

"सवय करतोय. वर गेल्यावर हवा कमी असते."

"लबाड!"

"मग काय सांगू? तू श्वास धरलास की माझा आपोआप अडकतो, असं सांगू?"

तिने रंगाचं बोट त्याच्या नाकाला लावलं. झालं... हे असंच सुरू होतं, आणि सुरू झालं की आवरत नाही.

त्याचं सगळं ठरलं होतं. येत्या गुरुवारी मुंबईला डॉक्टरांची तपासणी. त्यात पास झाला तर फ्लाइंग क्लबात नाव. त्याच्या वडिलांनी, हो-नाही करत, तेवढी मुभा दिली होती. पण त्याच वेळी रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीचंही नोकरीचं बोलावणं आलं होतं. सोमवारी हजर व्हा, नाहीतर नकार लिहून कळवा. त्याने नकार लिहून ठेवला होता. पाकिटाला तिकीट लावायचं तेवढं बाकी होतं.

आणि मंगळवारी ते पितांबर रंगले.

नागोठण्याच्या हैबतरावांकडचे पाच गणपती. त्यांच्या भावकीत पाच घरं, आणि पाचही घरांत पिढ्यान्‌पिढ्या लाल पितांबराचाच गणपती. दुसरा चालायचा नाही, परत पाठवतील! त्या दिवशी कुणीतरी वाट्या धुऊन जागच्या जागी ठेवल्या नव्हत्या. दुपारी अण्णा बघतात तर पाचही पितांबर गडद हिरवे. आणि दिनानाथ पाचवा पितांबर रंगवून, मान तिरकी करून, समाधानाने बघतोय.

"हे काय केलंस रे?" अण्णांचा आवाज चढला. "हैबतरावांना काय तोंड दाखवू मी? आंधळा होऊन बसलास काय?"

दिनानाथच्या तोंडाचा रंगच उडाला. तो मूर्तीकडे बघत होता, पुन्हापुन्हा बघत होता, आणि त्याला काही कळत नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं! मैनाला ते विमान आठवलं. पंखाची टोकं... तेव्हा तो तिच्याकडे बघत नव्हताच मुळी.

"मी केलं, बाबा," ती म्हणाली. "मी चुकीची वाटी दिली त्याला."

अण्णांनी तिला काय काय ऐकवलं ते इथे लिहायला नको. ती खाली मान घालून ऐकत राहिली. संध्याकाळी पितांबरांवर पांढरा हात मारताना ती हळूच म्हणाली, "दिना, खरं सांग. तुला लाल-हिरवं कळत नाय?"

त्याने कुंचला वाटीत ठेवला. मग म्हणाला, "शाळेपासून माहीत हाय मला. पिकलेली मिरची कुठली, ते आई हातात देते तेव्हा कळतं."

"मग गुरुवारी...?"

"त्याची सोय झालीय." त्याने पिशवीतून एक पुस्तक काढलं. पानापानावर रंगीत ठिपके, आणि ठिपक्यांत लपलेले आकडे. त्याच्या रोह्याच्या दोस्ताचा, नझीरचा, भाऊ जहाजावर होता. त्यालाही हीच तपासणी द्यावी लागली होती; पुस्तक त्याचंच. "डॉक्टर हेच दाखवतात. पानं ठरलेली असतात. तू फक्त वाचून दाखव, मैना. कडेचे ठिपके कसे मांडलेत ते बघून मी आकडा पाठ करतो. तुझ्यासारखे डोळे अख्ख्या तालुक्यात नायत गो!"

काय करणार होती ती? समोर त्याचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावरची ती आशा! "हं, बारा," ती म्हणाली. "पुढचं आठ. पुढचं... एकोणतीस."

तो हुशार होता. बुधवारी सकाळपर्यंत सगळी पानं तोंडपाठ. दुपारी तपासणी एका आठवड्याने पुढे गेल्याचं पत्र आलं, तर हा खूश! "आता उलटीकडून पण पाठ करतो," म्हणाला. मैना मात्र हसली नाही. त्याच्याच वहीत, त्याच्याच टपोऱ्या अक्षरात तिने वाचलं होतं: वायरलेस बंद पडला तर मनोऱ्यावरून दिवा दाखवतात. हिरवा म्हणजे उतरा. लाल म्हणजे उतरू नका.

गप्प राहिली तर हा आकाशात जाणार, आणि एक दिवस... नको, नको! बोलली तर याचं आकाश आपल्या हाताने पुसायचं. आणि मग तो कशाला आपलं तोंड बघेल?

शनिवारी ती म्हणाली, "उद्या मी मावशीकडं येतेय, नदीपल्याडच्या अष्टमी गावात. सकाळी पुलाच्या रोह्याकडच्या टोकाला ये. मी पलीकडून कापड दाखवीन. हिरवं दाखवलं तर यायचं, लाल दाखवलं तर थांबायचं. बरोबर केलंस तर तपासणीवरून पुन्हा एक शब्द बोलणार नाय मी."

"आणि चुकलो तर?"

"तर ते नकाराचं पाकीट टाकायचं नाय."

त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "मी गडद-फिकं बघून ओळखतो, मैना. एवढं काय त्यात!"

ते तिला ठाऊक होतं. रात्रंदिवस रंगांत वावरणारी पोर ती! तिने दोन्ही फडकी स्वतः रंगवली होती, आणि लाल-हिरवं सारखंच गडद उतरेपर्यंत चार चार वेळा बुडवली होती. आपल्या माणसाला फसवायला आपणच जाळं विणतोय असं वाटून ती रंगवताना रडलीसुद्धा.

रविवारी आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. खाली कुंडलिका नदी गढूळ, दुथडी भरून चाललेली. मैना अष्टमीच्या टोकाला, पिशवीत दोन फडकी. येणारे-जाणारे वळून बघत होते. एक म्हातारी तर थांबूनच म्हणाली, "काय गो पोरी, कुणाची वाट बघतंस?" पलीकडच्या टोकाला तो उभा होता, पांढऱ्या शर्टात. त्याने हात वर केला.

तिने पहिलं फडकं काढलं. हिरवं.

तो हलला नाही. बघत राहिला, मान तिरकी करून. एक सायकल गेली, एक बैलगाडी गेली. तो जागचा हललाच नाही. आता सांगा, त्या पोरीचं काय झालं असेल! ये ना रे, ती मनात म्हणत होती, हिरवं आहे, ये ना... पाय उचल. शेवटी तिनेच ते खाली घेतलं.

दुसरं फडकं काढताना तिने श्वास रोखला, आखणीला बसताना रोखायची तसाच. तिने लाल कापड डोक्यावर धरलं.

आणि तो निघाला.

भराभर चालत निघाला, मग पळतच. चेहरा हसरा, जिंकल्यासारखा. पुलाच्या मध्यावरून त्याने ओरडून सांगितलं, "बघ, ओळखलं की नाय!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तिने कापड खाली घेतलं नाही. तो अगदी जवळ, हातभर अंतरावर येईपर्यंत तसंच धरून उभी राहिली.

त्याचं हसू तिच्या डोळ्यांपाशी येऊन थांबलं.

"कुठला हाय?" त्याने विचारलं.

"लाल."

तो कठड्याला टेकला आणि खाली पाण्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. एवढा उंच मुलगा, भर रस्त्यात, लोकांच्या देखत रडत होता, आणि मैनाला त्याला हात लावायची हिंमत होत नव्हती.

"तू फसवलंस मला," तो म्हणाला. "दोन्ही सारखे रंगवलेस."

"व्हय, रंगवले. धुक्यातला दिवा कुठं गडद-फिकं बघून पेटतो? पावसात, ढगात..." तिचा आवाज फुटला. "मागं चाळीस माणसं बसलेली असतील, दिना. आणि पुढं तू असशील. मला त्या चाळिसांचं नंतर सुचलं. आधी तूच दिसलास. असाच लाल दिव्यावर धावत येशील आणि हसत असशील... मी कशी जगू मग?"

तो वळला. हे असं, एवढं सगळं, ती आजवर कधी बोलली नव्हती.

"म्हणजे?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे! एवढंपण दिसत नाय तुला?"

त्याने खिशातून ते पाकीट काढलं. मैनाचा श्वास अडकला. त्याने ते उलटंसुलटं केलं, मधोमध फाडलं, आणि तुकडे परत खिशात घातले; नदीत टाकले नाहीत. "उद्या कंपनीत जातो," तो म्हणाला. मग बाहीने नाक पुसून: "पण मला आज लई वाईट वाटतंय, मैना. उद्यापण वाटंल. तू मला हसवायला जाऊ नको."

"नाय जाणार. तुझ्यासंगती बसून रडीन."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग आला तसा परत निघाला, पुलावरून, रोह्याच्या दिशेने. गेला! आता हा काही पुन्हा यायचा नाही, असं वाटून मैना तिथेच कठडा धरून उभी राहिली. तो पार पलीकडच्या टोकाला पोचला आणि तिथून वळला.

"मैना!" त्याने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली. "ते कापड ठेव खाली! मला रंग दाखवू नको. काय ते तोंडानं सांग!"

अष्टमीच्या नाक्यावरची माणसं बघत होती. चहावाला बघत होता, ती मघाची म्हातारी बघत होती, आणि देवळाकडून खुद्द मावशी येत होती. मैनाने फडकं खाली टाकलं, छातीभर श्वास घेतला आणि सगळ्यांच्या देखत ओरडली,

"ये!"