शंका नसलेला वर्ग

त्या नर्सिंग कॉलेजात तीन वर्षांत एकाही मुलीनं शिक्षण अर्धवट सोडलं नव्हतं. फाटकावर तसा फलकच लावला होता. श्रेय मनगटावरच्या ‘दिलासा’ पट्टीचं.

ती डॉ. शर्वाणी टेंभुर्णीकरांनी बनवली होती. शिकवलेलं कळेनासं झालं की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. हे रोजचं झालं की मुलगी एक दिवस बॅग भरून गावी निघून जाते. पट्टी ती धडधड ओळखून नसांना हलके स्पंद देई आणि घंटा थांबवी. मुलगी शांत झाली की शिक्षकानं तिला जवळ बसवून पुन्हा शिकवायचं, अशी मूळ योजना. कॉलेजनं पट्टी तेवढी घेतली आणि शिकवणं केराच्या टोपलीत टाकलं. शांत मुली काही विचारत नाहीत, मग शंकांचा तास हवा कशाला? पाठ केलेलं लिहून मुली पासही होत होत्या. ह्याला म्हणे विद्यार्थ्यांना मदत!

कॉलेजातल्या चारुलता बोपचेला घेऊन तिची आई शर्वाणीबाईंच्या प्रयोगशाळेत आली, ती संतापूनच.

“मॅडम, पोरीनं आमच्या आबांले दहाच्या जागी चाळीस युनिट इन्सुलिन टोचलं. साखर चारत चारत दवाखान्यात नेलं म्हणून म्हातारा वाचला. अन् ही शांत बसून होती. हे काय लावलं तुम्ही तिले?”

शर्वाणीबाईंनी चारुलताच्या मनगटावरची पट्टी सोडवली.

थोड्या वेळानं ती एकदम बोलू लागली. “मॅडम, मला पहिल्या वर्षापासून डोसचा हिशेबच कळत नाही. आबा गेले असते ना?” ती हमसून रडायला लागली.

“रडू द्या तिले,” आई म्हणाली.

डोळे पुसून चारुलतानं विचारलं, “एका मिलीत युनिट किती असतात?” शर्वाणीबाईंनी कागद पुढे ओढला, तोच प्राचार्यांचा फोन आला.

“तुमच्याकडे आलेल्या मुलीची पट्टी इथे माझ्या संगणकावर बंद दिसतेय. धोक्यात आहे ती. लगेच लावा.”

“धोक्यात पेशंट आहेत, सर. सगळ्यांच्या पट्ट्या काढा. शंकांचा तास सुरू करा.”

“कशासाठी? सोमवारपासून सगळ्या वॉर्डात ड्युटीवर जाताहेत. आत्ताच वर्गात विचारून आलो. एकीलाही शंका नाही.”