जित्या पोराचं पान

“केबलच्या जहाजावरचा तो पोट्टा म्हनते बर्फाच्या पान्यात...”

अकोटच्या स्टँडवर जयवंताच्या कानावर एवढंच पडलं. ती मिरच्या घ्यायला आली होती. मागं वळली, तर बोलणाऱ्या दोघी गपकन चूप.

गावातले उत्तमराव ही गोष्ट पोरांना अंधार पडल्यावरच सांगतात. जयवंता त्यांची चुलतबहीण, त्यामुळं खोटं म्हणायची सोय नाही.

तिचा नितेश उत्तर ध्रुवाकडं समुद्राच्या तळाशी इंटरनेटची केबल टाकणाऱ्या जहाजावर. आठ दिवस फोन नव्हता. ती घरी पोचेस्तोवर बातमी आधीच पोचली होती. शेजारच्या पार्वताबाई ओसरीवर डोळे पुसत बसल्या होत्या.

“आज सर्वपित्री हाय बाई. पोराचंबी पान वाढून दे.”

“जित्या पोराचं पान? जेवाचं असन तर बसा. रडाचं असन तर आपल्या घरी जा!”

पार्वताबाई बसल्या. जयवंतानं चूल पेटवली, नितेशच्या आवडीचा ठेचा कुटला. दर खेपेला तो बरणीभर न्यायचा. त्यातली अर्धी जहाजावर त्याच्या खोलीत राहणारा फिलिपिन्सचा पोरगाच चाटूनपुसून खायचा.

त्याच रात्री, दोन ऑक्टोबर दोन हजार चोवीसची तारीख उलटल्यावर, पावणेदोनला, दाराबाहेरून हाक आली.

“आई...”

रात्रीच्या पहिल्या हाकेला आपल्याकडं कोणी ओ देत नाही. तीन हाका झाल्या तरच माणूस समजतात. सोबतीला राहिलेल्या पार्वताबाईंनी तिचा हात घट्ट धरला. तिनं हिसडला.

“ओ! हाय मी!”

कडी काढली. अंगणात कोणी नाही. कुत्री चूप. वारा गार... फार गार.

नितेश तिला माय म्हणायचा. आई कधीच नाही.

ती थांबली. मग आत गेली. थाळीत भाकर, ठेचा वाढला, उंबऱ्याबाहेर ठेवला.

“कोनाचा हायेस, मले माहीत नाही. उपाशी जाऊ नको. पन माह्या पोराले हात लावशीन तर पाहून घेईन!”

तिनं दार लोटून घेतलं.

सकाळी फोन वाजला. “माय, मी आहो.” नितेश रडत होता. खोलीतला पोरगा दोरात पाय अडकून पाण्यात गेला होता. त्याच्या घरी कळवेपर्यंत साऱ्यांचे फोन बंद ठेवले होते. “त्याले तुह्याशी बोलाचं होतं, माय. म्हून मी त्याले पुस्तकातला एक शब्द शिकवला होता... आई.”

पार्वताबाई थाळी उचलायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी जयवंताला हाक मारली.

भाकर नव्हती. ठेचा नव्हता. थाळीत बोटभर पाणी. ऊन वर आलेलं, तरी बर्फासारखं गार.

जयवंतानं बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट.