टेपचं दुसरं टोक

पसरा तुमचा नकाशा इथं टेबलावर. कप तेवढा लांब ठेवा, कागदावर डाग दिसला की कचेरीतला कारकून तोंड वाकडं करतो. हं. म्हणजे नकाशा मंजूर झालाय आणि आता जिना इकडचा तिकडे करायचाय. होईल की, त्यात काय! पण हे काय हो? जुन्या जिन्याला पिवळा रंग कुठंय? सुधारित नकाशात नवं येणार ते लाल आणि मोडणार ते पिवळं. पिवळं नाही लावलं, तर सरकारच्या लेखी तो जिना तिथंच उभा.

हसू नका. या पिवळ्या रंगापायी एका बड्या माणसाची मी भर कचेरीत जिरवलीय. एकटीनं नाही म्हणा. कुणाच्या मदतीनं, ते मात्र ऐकून घ्या. नाहीतरी लाइट गेलीय, प्रिंट काही निघत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचं घर एका मोकळ्या प्लॉटच्या मागं आहे. सहा घरांची रांग. पुढून बोळ, दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत असा. मागून मात्र प्लॉटच्या कडेनं बारा फुटी रस्ता होता. भाऊजींना आठवड्यातून तीनदा इस्पितळात न्यावं लागतं, गाडी त्या मागच्या रस्त्यानं थेट दाराशी यायची. मग प्लॉटच्या मालकानं पत्रे ठोकून रस्ता आत घेतला. कचेरीत सुधारित नकाशा दाखल केला आणि रस्त्याच्या जागी गवत दाखवलं. पिवळं नाही, काही नाही. जणू तिथं रस्ता कधी नव्हताच! मूळ मंजूर नकाशा फायलीतून गायब. आता बोला.

तेव्हापासून भाऊजींना खुर्चीवर बसवून पुढे एक, मागे एक असे दोघं जण बोळातून न्यायचे. एकदा खुर्ची मधेच अडकली. ना पुढे, ना मागे. भाऊजींचा श्वास लागला, ओठ निळे पडले. ताई मला फोनवर म्हणाली, "अगं, पुढच्या वेळी अडकले तर मी काय करू?" फोन ठेवला आणि ढसाढसा रडले.

सुनावणी होती चार वाजता. सकाळी रेकॉर्डच्या खोलीतल्या म्हाताऱ्या कारकुनानं मला हळूच हद्दीच्या दगडांची नोंदवही उघडून दाखवली. मूळ मोजणी आमच्या मास्तरांची. मी नकाशे काढायला त्यांच्याकडेच शिकले. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली. हिरव्या शाईत त्यांचं ते टोकदार अक्षर: 'चौथा दगड. फाटकाच्या खांबापासून एक्क्याण्णव फूट. दगडापासून मागच्या घरांची भिंत बारा फूट. मध्ये रस्ता.' दगड सापडला की रस्ता सापडला.

भर दुपारी बारा वाजता मी प्लॉटवर गेले. ऊन असं, की पत्र्याला हात लावला तर पोळावा. वॉचमन फाटकाबाहेर सावलीत बसला होता. त्याला म्हटलं, "दादा, जरा टेपचं टोक धरता का?"

तो म्हणाला, "फाटक उघडतो. आत नाही येणार."

"का हो?"

"तुम्हाला मोजायचंय ना? मोजा आणि लवकर निघा."

आत कमरेइतकं गवत. दगड शोधून शोधून डोळे दुखायला लागले. शेवटी अंदाजानं टेपच्या टोकाची कडी गवतात ठेवली, वर वीट ठेवली आणि टेप उलगडत खांबापाशी आले. आकडा आला अडुसष्ट. म्हणजे अजून बरंच पुढे. कपाळाला हात लावला आणि टेप गुंडाळायला घेतला.

टेप येईना.

वाटलं, विटेखाली अडकला. ओढला. तर पलीकडून कुणीतरी ओढला. हिसका नाही हो, सावकाश, सरावाच्या हातानं. टेप माझ्या मुठीतून सरकत निघाला. सत्तर... ऐंशी... नव्वद. मग थांबला. ताठ झाला. वारा नव्हता, एक पातं हलत नव्हतं. आणि वास आला. अमोनियाचा. पूर्वी नकाशांच्या प्रती काढायच्या तेव्हा मास्तरांच्या खोलीत यायचा तो, नाकाडोळ्यांत पाणी आणणारा.

गवतातून आवाज आला, "शून्य."

तुम्हाला सांगायला हवं. मोजताना दोघं लागतात. कडी धरणाऱ्यानं कडी नेमकी जागेवर टेकवायची आणि 'शून्य' म्हणायचं, त्यानंतरच दुसऱ्यानं आकडा वाचायचा. हल्ली कुणी म्हणत नाही. मास्तर म्हणायला लावायचेच. विसरलं की पट्टी बसायची हातावर.

भीती वाटली का विचारता? वाटली ना! पण तोंडातून आपोआप निघालं, "एक्क्याण्णव."

"लिही..."

लिहिलं. टेपच्या कडेकडेनं गवतात शिरले. जीव मुठीत धरून एकेक पाऊल. टोकाशी कुणी नव्हतं. कडी दगडावर टेकलेली. दगड मातीत गाडलेला, वर चाराचा आकडा. आजूबाजूचं गवत दबलेलं, कुणी उकिडवं बसून नुकतंच उठावं तसं.

शहाणी बाई असती तर तिथूनच पळाली असती. मला आठवले भाऊजींचे निळे ओठ. दगडाचा फोटो घेतला, कडी तिथंच ठेवली आणि टेप घेऊन मागच्या भिंतीशी गेले. पाठ भिंतीला लावली, डोळे मिटले आणि म्हटलं, "मास्तर... धरलं का?"

"शून्य."

"बारा."

यावर मास्तर हसले. मी ते हसू ओळखते. गणित बरोबर आलं की तसंच नाकातून हसायचे.

चार वाजता सुनावणी. समोर मालक, त्यांचा इंजिनीअर आणि त्याचा तो कडक इस्त्रीचा शर्ट. इंजिनीअर सुनावणी घेणाऱ्या साहेबांना म्हणाला, "रस्ता नव्हताच कधी. दगडही नाही. बाईंची बहीण तिथं राहते, म्हणून हा सगळा तमाशा."

मी मोजणीचा कागद आणि फोटो पुढे ठेवला. वही तर कारकुनानं उघडून ठेवलीच होती. इंजिनीअरचा चेहरा उतरला. पण गडी मुरलेला. म्हणाला, "साहेब, नियमाप्रमाणे मोजणीवर दोन सह्या लागतात. वाचणाऱ्याची आणि टोक धरणाऱ्याची. बाई एकट्याच गेल्या होत्या. आमचा वॉचमन सांगेल. दुसरी सही कुठंय?"

ती जागा मी कोरी सोडली होती. कुणाचं नाव लिहिणार? एवढं सगळं करून एका सहीवर हरायचं! ताई मागच्या बाकावर बसली होती, तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

साहेबांनी कागद उचलला. "आहे की सही," ते म्हणाले. "हिरव्या शाईत. कुणाची आहे ही?"

खोलीत अमोनियाचा वास सुटला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. म्हातारा कारकून पुढे झाला, कागद डोळ्यांजवळ नेला.

"ओळखीची आहे, साहेब," तो हळूच म्हणाला. "या कचेरीत या सहीवर आजवर कुणी शंका घेतलेली नाही."

साहेब नवे होते, त्यांनी मान हलवली. मग सुधारित नकाशा ओढून घेतला आणि इंजिनीअरला विचारलं, "मंजूर नकाशातला रस्ता काढायचा होता, तर पिवळा का दाखवला नाहीत?"

इंजिनीअर उगाच फाईल चाळायला लागला. दाखवला असता तर रस्ता होता हे कबूल केल्यासारखं झालं असतं ना!

"पिवळा नाही, म्हणजे रस्ता काढलेला नाही. अर्ज नामंजूर. पत्रे आठ दिवसांत हटवा."

अहो, काय सांगू! ताईनं मला तिथंच मिठी मारली. मालक तरातरा निघून गेले, इंजिनीअर फाईल विसरला ती घ्यायला परत आला, तेव्हा मी त्याला मुद्दाम दार उघडून धरलं. आठव्या दिवशी मागच्या रस्त्यानं गाडी दाराशी आली. भाऊजींनी आत बसताना मला सलाम ठोकला. सहाही घरांतली माणसं टाळ्या वाजवत होती. असा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

तर, तुमच्या जिन्याचं. रविवारी येते मोजायला. नाही, माणूस नका देऊ. टोक धरायला आहे माझ्याकडे. तुम्ही फक्त त्या वेळी घरात थांबा, बाहेर येऊ नका.

हे मोजणीचं पॅड बघायचंय? बघा. त्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. पन्नास पानांचं पॅड, पहिलं सुनावणीला गेलं. दुसऱ्यापासून एकतिसाव्यापर्यंत सगळी पानं कोरी, पण टोक धरणाऱ्याची सही प्रत्येकावर आधीच केलेली. मी एकटीनं जाते, शून्य ऐकते, आकडा वाचते. आजवर एकाही बिल्डरला माझी मोजणी मोडता आलेली नाही. परवा अठरावं पान फाडलं. कारकून म्हणतो, जाळून टाका बाई. मी कशाला जाळू? अजून तेरा जणांची खोड मोडायचीय मला.

पुढे उलटा ना. बत्तिसावं पान. त्यावर मास्तरांची सही नाही. वाचणाऱ्याची जागा रिकामी आहे. टोक धरणाऱ्याच्या जागी जी आहे... हो, माझीच. मी केलेली नाही.

बोट नका लावू. ओली आहे.